अमेरिकेतली क्रीडा शिष्यवृत्ती आणि हातात पडणारी पदवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या मुलांच्या घरात दहावी-अकरावीच्या सुमाराला अमेरिकेचा विषय निघतोच. अकादमीतलं कुणीतरी ‘फुल स्कॉलरशिप’वर गेलेलं असतं आणि त्याचे फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरून आलेले असतात. मग प्रश्न सुरू होतात: मिळेल का, किती मिळेल, कोण मिळवून देईल. शिक्षणाचं काय होईल, हे बहुतेक जण सगळ्यात शेवटी विचारतात. इथे तो प्रश्न मुद्दाम मध्यभागी ठेवला आहे.

खेळावर शिष्यवृत्ती म्हणजे सगळा खर्च सुटतो का?

क्वचित. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार मुख्यतः एनसीएए बघते. १९०६ साली सुरू झालेल्या या संघटनेचं मुख्यालय इंडियानापोलिसला आहे. सुमारे अकराशे कॉलेजं आणि पाच लाखांहून जास्त खेळाडू तिच्या छत्राखाली येतात. कॉलेजांच्या तीन डिव्हिजन आहेत. पहिल्या दोन डिव्हिजनमध्ये खेळावर शिष्यवृत्ती मिळते, तिसरीत मिळत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही आयव्ही लीगची विद्यापीठं पहिल्या डिव्हिजनमध्ये असूनही खेळासाठी पैसे देत नाहीत. तिथली मदत कुटुंबाच्या आर्थिक स्थितीवर ठरते. तेव्हा ‘हार्वर्डची टेनिस स्कॉलरशिप’ मिळवून देतो म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. एनसीएएच्या बाहेर एनएआयए या दुसऱ्या, छोट्या संघटनेची कॉलेजं आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं आहेत, तिथेही शिष्यवृत्त्या असतात.

पूर्ण शिष्यवृत्तीत शिकवणीचं शुल्क, राहणं, जेवण आणि पुस्तकं येतात. मोठ्या विद्यापीठांत २०१५ पासून किरकोळ खर्चाचीही भर पडली. पण बहुतेक खेळांत कोच असलेली रक्कम तुकडे करून वाटतात. पहिल्या डिव्हिजनच्या पुरुष टेनिस संघाला अनेक वर्षं सगळ्या संघात मिळून साडेचारच शिष्यवृत्त्या होत्या आणि त्या आठ-दहा जणांत वाटायच्या. महिला टेनिसला मात्र आठ होत्या, त्याही पूर्ण. हा फरक शिक्षणसंस्थांत मुलामुलींना समान वागणूक मागणाऱ्या १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे पडला. पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉलवर (इथे फुटबॉल म्हणजे तोच) ८५ शिष्यवृत्त्या खर्च झाल्या, की बाकी खेळांत मुलींकडे पारडं झुकवल्याशिवाय हिशेब जुळत नसे. म्हणूनच मुलींना आजवर चांगल्या ऑफर मिळत आल्या.

जून २०२५मध्ये खेळाडूंनी कमाईच्या हक्कासाठी एनसीएएवर भरलेल्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड कोर्टाने मंजूर केली आणि ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत हे आकडे गेले. आता संघात किती खेळाडू असावेत यावर मर्यादा आहे. टेनिसमध्ये ती दहाची आहे आणि त्या सगळ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती द्यायला नियमाची आडकाठी नाही. आडकाठी तिजोरीची आहे. त्याच तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा दिली, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, आणि ती रक्कम बहुतांशी फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळते. टेनिस, जलतरण, गोल्फ यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

कोणते खेळ चालतात? क्रिकेट, कबड्डी, बॅडमिंटन?

तिन्ही नाहीत. भारतीयांसाठी खरे दरवाजे म्हणजे टेनिस, गोल्फ, जलतरण, ॲथलेटिक्स. नेमबाजीत रायफल आहे, पिस्तूल नाही. ‘इथे पिस्तूलवाल्यांना काही नाही का’ असा प्रश्न कोल्हापूरकडून हमखास येतो, म्हणून आधीच सांगितलं. कुस्ती आहे, पण तिथली कॉलेज कुस्ती ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइलहून वेगळी. प्रतिस्पर्ध्याला किती वेळ खाली दाबून ठेवलं याचेही गुण मिळतात. आपल्या तालमीतला मुलगा तिथे गेला तर पहिलं वर्ष नवं तंत्र शिकण्यात जातं. स्क्वॉशचं कॉलेज सर्किट मोठं आहे, पण ते एनसीएएच्या अखत्यारीत येत नाही आणि त्यातली बरीच नामांकित कॉलेजं खेळावर पैसे देत नाहीत. तिथे खेळाचा उपयोग प्रवेश मिळवण्यापुरता होतो, जो अर्थात छोटा उपयोग नाही.

बारावीला किती टक्के लागतात?

टक्क्यांपेक्षा विषय महत्त्वाचे. पहिल्या डिव्हिजनसाठी नववी ते बारावीत मिळून सोळा मुख्य विषय झालेले असावे लागतात: इंग्रजीची चार वर्षं, गणिताची तीन, विज्ञानाची दोन, समाजशास्त्रांची दोन, आणि बाकीची यांतूनच किंवा परभाषा वगैरेंतून. या विषयांची सरासरी ४ पैकी किमान २.३ हवी, दुसऱ्या डिव्हिजनला २.२ चालते. आपल्या बोर्डाचे गुण एनसीएए स्वतःच्या तक्त्यानुसार त्या मापात बसवते. सॅट परीक्षेची सक्ती जानेवारी २०२३मध्ये एनसीएएने काढून टाकली, तरी एखादं विद्यापीठ स्वतःच्या प्रवेशासाठी ती मागू शकतं.

आपल्याकडे इथे दोन गोष्टी चुकतात. एक, नववीचे गुण कुणी गांभीर्याने घेत नाही. ते मोजले जातात. दुसरी, अकरावीला ‘खेळायला वेळ मिळावा’ म्हणून मुलाला सोप्या विषयांत टाकतात आणि गणित सोडून देतात. मग पुढे मुलाला गणित लागणारा विषय घ्यायचा म्हटलं, तर तिथे पहिल्या सत्रापासून मागे पडून सुरुवात होते. बारावीनंतर वर्ष-दोन वर्षं नुसत्या स्पर्धा खेळण्यात घालवली तर कॉलेजात खेळायची वर्षंही कापली जाऊ शकतात.

खेळाडू खरंच पदवी पूर्ण करतात का?

करतात, आणि आपण समजतो त्यापेक्षा जास्त. पण जाहिरातीत दिसणारा आकडा कसा निघतो ते कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

दोन दर आहेत. एक सरकारी: पहिल्या वर्षी दाखल झालेल्यांपैकी किती जणांनी सहा वर्षांच्या आत त्याच कॉलेजातून पदवी घेतली. दुसरा एनसीएएचा स्वतःचा, जीएसआर नावाचा. समजा एका संघात दहा मुलं आली. पाच जणांनी तिथेच पदवी घेतली, तिघं चांगल्या गुणांनी दुसऱ्या कॉलेजात गेली, दोघांनी नापास होऊन शिक्षण सोडलं. सरकारी दर झाला ५० टक्के, कारण गेलेले तिघंही अपयशी धरले. एनसीएए त्या तिघांना हिशेबातून काढते आणि बाहेरून आलेल्यांना धरते. बाहेरून कुणी आलंच नाही असं मानलं, तर सातातले पाच, म्हणजे ७१ टक्के. संघ तोच, मुलं तीच.

पहिल्या डिव्हिजनचा एकूण जीएसआर आता ९० टक्क्यांच्या वर आहे आणि एनसीएए तो अभिमानाने सांगते. सरकारी दराने पाहिलं तर खेळाडू एकूण विद्यार्थ्यांच्या जवळपास बरोबरीने असतात. जीएसआरची पद्धत खोटी नाही. दुसऱ्या कॉलेजात जाऊन शिकणाऱ्याला नापास का म्हणायचं, हा रास्त मुद्दा आहे. पण ते तिघं पुढे पदवीधर झाले की नाही हे या दरात कुठेच दिसत नाही, आणि सामान्य विद्यार्थ्यांसाठी असा दर काढलाच जात नसल्याने तुलनाही होत नाही. शिवाय सामान्य विद्यार्थ्यांत नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणारे असतात, तर खेळाडूला पूर्णवेळच शिकावं लागतं. म्हणजे बरोबरीची तुलनाही पुरती बरोबरीची नसते.

सरासरीच्या आत खोल दऱ्या आहेत. मुलींच्या बहुतेक खेळांत दर नव्वदीच्या पुढे असतो. पुरुषांच्या बास्केटबॉल आणि फुटबॉलमध्ये तो ऐंशीच्या घरात येतो आणि गोऱ्या व कृष्णवर्णीय खेळाडूंतली तफावत वर्षानुवर्षं कायम आहे. टेनिस किंवा जलतरणाला जाणाऱ्या भारतीय मुलाची पदवी अडेल ही भीती त्यामुळे थोडी बाजूला ठेवायला हरकत नाही. पदवी बहुधा मिळेल. कोणत्या विषयात, हे विचारा.

पदवी मिळाली म्हणजे शिक्षण झालंच असं समजायचं का?

या प्रश्नाचं अमेरिकेने दिलेलं उत्तर फारसं अभिमानास्पद नाही. केविन रॉस हा बास्केटबॉलपटू १९७८ ते १९८२ ओमाहाच्या क्रेटन विद्यापीठात खेळला. पदवीला १२८ क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर जमा होणारे गुणांक) लागत, त्याची ९६ झाली, आणि त्यांतली बरीच नेमबाजी आणि ‘बास्केटबॉलचे सिद्धांत’ यांसारख्या विषयांतली. चार वर्षं संपली तेव्हा त्याचं वाचन सातवीच्या आणि भाषा चौथीच्या पातळीवर होती, असं त्याने पुढे केलेल्या दाव्यात नोंदलं आहे. त्यानंतर तो शिकागोतल्या एका शाळेत गेला आणि लहान मुलांच्या वर्गात बसून वाचायला शिकला. सहा फूट नऊ इंचांचा माणूस, प्राथमिक शाळेच्या बाकावर. १९८९ साली फुटबॉलपटू डेक्स्टर मॅनलीने सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात राहूनही त्याला वाचता येत नव्हतं.

अशाच प्रकारांच्या ओरडीतून १९८३ साली एनसीएएचा ‘प्रपोझिशन ४८’ हा नियम आला आणि १९८६पासून पहिल्या वर्षी खेळायला किमान गुणांची अट लागली. आजचे सोळा विषय त्याचेच वंशज.

पण गुणांची अट लावली की गुण पुरवणारी सोयही उभी राहते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, चॅपल हिल, हे अमेरिकेतल्या उत्तम सरकारी विद्यापीठांपैकी एक. तिथे १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं एका विभागात असे ‘वर्ग’ चालले, जे कधी भरलेच नाहीत. शेवटी एक निबंध द्यायचा. तो बहुतेक वेळा प्राध्यापक वाचायचे नाहीत, कार्यालयातली एक कर्मचारी त्यावर सढळ हाताने गुण टाकायची. २०१४च्या चौकशी अहवालाप्रमाणे ३,१००हून जास्त विद्यार्थ्यांनी याचा लाभ घेतला, त्यांत जवळपास निम्मे खेळाडू. २०१७मध्ये एनसीएएने काहीच शिक्षा केली नाही. कारण असं, की हे वर्ग सगळ्या विद्यार्थ्यांना खुले होते, म्हणजे खेळाडूंना वेगळी सवलत दिल्याचं सिद्ध होत नव्हतं. आपल्याकडे सरकारी कार्यालयात याहून सुबक निकाल ऐकायला मिळणार नाही.

एवढे टोकाचे प्रकार रोज घडत नाहीत. रोज घडतं ते सौम्य आणि पूर्ण कायदेशीर असतं: संघातली निम्मी मुलं एकाच विषयात सापडतात. कारण त्या विषयाचे तास सकाळी असतात, प्रयोगशाळा नसते, आणि सल्लागाराला तिथली गणितं माहीत असतात.

मुलाला इंजिनीअरिंग किंवा मेडिकलकडे जायचं आहे. जमेल का?

नियम नाही म्हणत नाहीत. वेळापत्रक म्हणतं.

केन कोल्टर हा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे फुटबॉल संघाची चढाई चालवणारा खेळाडू. त्याला हाडांचा डॉक्टर व्हायचं होतं. दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्राचा एक विषय घ्यायला गेला, तर तो फुटबॉलच्या सरावाच्या वेळेत येत होता, म्हणून घेता आला नाही. पुढे घेतला तोवर बरोबरीचे विद्यार्थी अभ्यासात पुढे निघून गेले होते. शेवटी त्याने मानसशास्त्र घेतलं. २०१४मध्ये त्याने खेळाडूंची कामगार संघटना उभारायचा प्रयत्न केला तेव्हा हे सगळं सुनावणीत नोंदलं गेलं. नॉर्थवेस्टर्न काही ऐरंगैरं विद्यापीठ नाही आणि तिथल्या खेळाडूंचा पदवी दर उत्तमच होता. कोल्टर त्या दरात ‘यशस्वी’ म्हणूनच मोजला जातो.

उलट उदाहरणंही आहेत. टेनेसी विद्यापीठाच्या जोशुआ डॉब्जने फुटबॉल खेळत एरोस्पेस इंजिनीअरिंग पूर्ण केलं. फ्लोरिडा स्टेटचा मायरन रोल २००८मध्ये ऑक्सफर्डला शिकायला नेणाऱ्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीची मुलाखत आटोपून विमानाने चालू सामन्यात पोहोचला. आज तो न्यूरोसर्जन आहे. ही नावं सगळ्यांना पाठ असतात, यातच काय ते आलं.

एनसीएएचा एक नियम इथे उलटा पडतो. खेळायला पात्र राहायचं तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरलेल्या पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, तिसऱ्याच्या अखेरीस ६०, चौथ्याच्या अखेरीस ८०. हेतू चांगला आहे, कुणी चार वर्षं नेमबाजीचे तास भरत बसू नये. पण ज्या मुलाला दुसऱ्या वर्षी कळतं की आपल्याला वेगळंच काही शिकायचंय, त्याचे टक्के विषय बदलताच घसरतात आणि हंगाम धोक्यात येतो. बाकीच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षं चाचपडायची मुभा असते, खेळाडूला फारशी नसते. विषय जाण्याआधी ठरवून जावा, असं मी म्हणतो ते यासाठी.

भारतीय मुलांसाठी याला आणखी एक बाजू आहे आणि ती बहुतेक अमेरिकी कोचच्या ध्यानातही नसते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्याला पदवीनंतर बारा महिने काम करता येतं. विषय विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित यांच्या सरकारी यादीतला असेल तर आणखी २४ महिने मिळतात. म्हणजे ‘स्पोर्ट मॅनेजमेंट’ घेतलेला एक वर्ष राहतो आणि डेटा सायन्स घेतलेला तीन. संघातल्या अमेरिकी मुलाने सोपा विषय घेतला तर त्याला निदान देश सोडावा लागत नाही.

आणि ऑनलाइन वर्ग. अमेरिकी खेळाडू प्रवासाच्या सत्रात सर्रास दोन-तीन विषय ऑनलाइन घेतात. एफ-१वर पूर्णवेळ मोजणीत सत्राला एकच ऑनलाइन विषय धरला जातो. सल्लागाराने सगळ्या संघाला एकच वेळापत्रक चिकटवलं, तर व्हिसा तुमच्या मुलाचा अडतो. प्रत्येक सत्राआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला दाखवूनच नोंदणी करावी.

आठवड्याला सराव किती तास?

कागदावर हंगामात २० तास, दिवसाला जास्तीत जास्त चार. हा नियम १९९१पासूनचा. पण सामन्याचा अख्खा दिवस तीन तास म्हणून धरतात, मग तुम्ही गोल्फचे ३६ होल खेळलेले असोत. प्रवास, फिजिओकडचा वेळ, ‘ऐच्छिक’ व्यायाम यात येत नाहीत. ऐच्छिक म्हणजे न आलेल्याचं नाव कोचच्या लक्षात राहतं. एनसीएएच्या स्वतःच्या सर्वेक्षणांत पहिल्या डिव्हिजनचे खेळाडू आठवड्याला तीस तासांहून जास्त वेळ खेळाला देत असल्याचं दिसतं.

२०२४पासून प्रवास आणखी वाढला. फुटबॉलच्या टीव्ही कंत्राटांसाठी गटांची फेरमांडणी झाली, आणि पॅसिफिक किनाऱ्यावरचं स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या गटात जाऊन बसलं. त्याचा भुर्दंड टेनिस-व्हॉलीबॉलच्या मुली विमानतळांवर गृहपाठ करत भरतात.

मदतही असते, हे सांगायला हवं. खासगी शिकवणी, अभ्यासिका, विषय-नोंदणीत पहिला नंबर, प्रत्येकामागे सल्लागार. सामान्य विद्यार्थ्याला हे स्वप्नातही मिळत नाही. शिस्तीत वाढलेल्या मुलाला याचा खूप फायदा होतो.

कॉलेजने अभ्यासाकडे दुर्लक्ष केलं तर त्याला काही शिक्षा आहे का?

आहे. २००३-०४पासून एपीआर, म्हणजे संघाच्या अभ्यासातल्या प्रगतीचा आकडा, मोजतात. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूमागे सत्राला दोन गुण: एक खेळायला पात्र राहिला म्हणून, एक कॉलेजात टिकला म्हणून. पैकीच्या पैकी म्हणजे १,०००. ९३०च्या खाली घसरलं तर कारवाई. कनेक्टिकट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाला यामुळे २०१३च्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळता आलं नाही. पुढच्याच वर्षी तोच संघ विजेता झाला. संघाचा एपीआर जाहीर असतो, बघून घ्यावा.

शिष्यवृत्ती चार वर्षं पक्की असते का? दुखापत झाली तर?

१९७३पासून ती वर्षाच्या कराराने मिळायची आणि कोच दरवर्षी बदलू शकायचा. अनेक वर्षांचा करार २०१२पासून शक्य झाला. ऑगस्ट २०२४पासून पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळ बिघडला किंवा दुखापत झाली म्हणून शिष्यवृत्ती काढायला मनाई आहे, आणि खेळताना झालेल्या दुखापतीचा वैद्यकीय खर्च कॉलेज सोडल्यावरही दोन वर्षं द्यावा लागतो. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आणि एनएआयएमध्ये करार नीट वाचा.

कोचने फोनवर दिलेला शब्द कुणालाच बांधत नाही. पूर्वी सही करायचं राष्ट्रीय पत्र होतं, ते ऑक्टोबर २०२४मध्ये रद्द झालं. आता आर्थिक मदतीचा लेखी करार हीच एकमेव खरी गोष्ट. त्यात रक्कम डॉलरमध्ये आहे की टक्क्यांत, हे बघा. शुल्क दरवर्षी वाढतं, डॉलरचा आकडा वाढेलच असं नाही.

आणि संघच बंद पडला तर? स्टॅनफर्डने जुलै २०२०मध्ये एकदम अकरा खेळ बंद करायचं जाहीर केलं. माजी खेळाडूंनी रान उठवल्यावर मे २०२१मध्ये निर्णय मागे घेतला. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत ठिकाणी हे, तर इतरांचं काय सांगावं. म्हणून एक जुनी कसोटी उपयोगी पडते: उद्या खेळ नसला तरी या कॉलेजात शिकायला आवडेल का?

जमलं नाही तर दुसऱ्या कॉलेजात जाता येतं ना?

आता सहज. २०१८मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’, म्हणजे बदली हव्या असलेल्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं आणि २०२४पासून कितीही वेळा बदली केली तरी बाहेर बसावं लागत नाही, गुण ठीक असले की झालं. खेळासाठी छान आहे. अभ्यासासाठी नाही, कारण नवं कॉलेज जुनी सगळी क्रेडिट मानेलच असं नसतं. इंजिनीअरिंगच्या मुलाचं यात वर्ष जातं. सोप्या, सैलसर पदव्यांकडे ढकलणारी ही आणखी एक वाट.

खेळाडू आता लाखो डॉलर कमावतात म्हणे. आमच्या मुलीलाही मिळतील?

जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरात करून पैसे घेता येतात. पण एफ-१ व्हिसावर अमेरिकेत असं काम करणं हे बेकायदा नोकरी ठरू शकतं. केंटकीकडून खेळणाऱ्या काँगोच्या ऑस्कर चिब्वेने २०२२मध्ये संघ बहामाजला गेला तेव्हा तिथे जाहिराती उरकून घेतल्या, कारण ती अमेरिकेबाहेरची कमाई. त्यासाठी वकील लागतो. सुरुवातीला हे उत्पन्न शून्य धरूनच हिशेब मांडा.

भारतातून गेलेल्यांचं पुढे काय झालं?

महेश भूपती मिसिसिपी विद्यापीठाकडून खेळला आणि १९९५मध्ये दुहेरीचा कॉलेज विजेता झाला. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनियातून समाजशास्त्र शिकत २००७ आणि २००८ची एकेरी विजेतेपदं जिंकली. आपल्याकडची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि पुढे हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटचा.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते तेजस्विन शंकरचं उदाहरण. उंच उडीत कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ असा दोनदा कॉलेज विजेता. शिकला अकाउंटिंग, पदव्युत्तरही तेच, आणि उडी मारत असतानाच डेलॉइटमध्ये नोकरी. २०२२मध्ये कॉलेज स्पर्धेची तारीख आणि भारतातल्या आंतरराज्य स्पर्धेची तारीख एकमेकींवर आली. तो कॉलेजची स्पर्धा खेळला, राष्ट्रकुलच्या संघातून वगळला गेला, दिल्ली उच्च न्यायालयात गेला, अखेर बर्मिंगहॅमला पोहोचला आणि कांस्य जिंकला. मुलाला भारताकडून खेळायचं असेल तर तारखांची ही ओढाताण आधीच कोचशी बोलून घ्या. शिष्यवृत्ती देणारं कॉलेज आपल्या हंगामात खेळाडू मागणारच.

व्यावसायिक होण्याचं म्हणाल, तर एनसीएएच्याच अंदाजाने बड्या खेळांतले दोन टक्क्यांहून कमी खेळाडू तिथवर पोहोचतात.

एजंट शिष्यवृत्तीवर टक्केवारी मागतोय. द्यावी का?

मुळीच नाही. तुमच्या मुलाची माहिती कोचांपर्यंत पोहोचवायची ठरावीक फी घेणं नियमात बसतं. शिष्यवृत्ती मिळवून देण्यावर ठरलेली फी बसत नाही, आणि त्यात पात्रता मुलाची जाते, एजंटचं काही जात नाही. खरं तर सामन्याचा न कापलेला व्हिडिओ, मानांकन आणि गुणपत्रिका जोडून मुलाने स्वतः लिहिलेली ईमेल कोच आवडीने वाचतात.

कोचशी बोलताना अभ्यासाबद्दल काय विचारावं?

‘तुमचा पदवी दर किती’ हे विचारू नका, उत्तर नव्वदच्या पुढेच येईल. संघातली मुलं कोणकोणत्या विषयात आहेत, ते नावानिशी विचारा. गेल्या चार वर्षांत इंजिनीअरिंग किंवा विज्ञान घेतलेलं कुणी होतं का, त्याने ते पूर्ण केलं का? दुपारच्या प्रयोगशाळेचा तास सरावावर आला तर काय करता? या शेवटच्या प्रश्नावर कोच लगेच एखाद्या खेळाडूचं उदाहरण देतो, की ‘आम्ही काहीतरी मार्ग काढतो’ म्हणतो, ते कान देऊन ऐका. मग कोचला बाजूला ठेवून संघातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलाशी बोला, शक्यतो परदेशातून आलेल्या. पंधरा मिनिटांत सगळं कळतं.

शिष्यवृत्तीवर कर लागतो?

शुल्क आणि पुस्तकांच्या रकमेवर नाही. राहण्या-जेवणाची रक्कम करपात्र असते आणि एफ-१वरच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत साधारण १४ टक्के आधीच कापून घेतले जातात. भारत-अमेरिका कर-करारातल्या कलम २१मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. विवरणपत्र भरलं तर बरीचशी रक्कम परत येऊ शकते. न भरणारे बरेच असतात.

मुलाचे गुण आम्हाला कळत राहतील ना?

नाही. अमेरिकेत कॉलेजात गेलेल्या मुलाची गुणपत्रिका त्याच्या लेखी संमतीशिवाय पालकांना दाखवत नाहीत, फी तुम्ही भरत असलात तरी. कोचला मात्र सगळं दिसत असतं, कारण खेळाडू दरवर्षी तशी संमती सही करून देतात. पालकांसाठीचा वेगळा फॉर्म विद्यापीठाच्या रजिस्ट्रारकडे मिळतो. जाण्याआधी घरात बसून तो मुलाकडून भरून घ्या. तिथे पोहोचल्यावर तो फॉर्म कुठल्याच मुलाला सापडत नाही.